मदत हवी आहे: निर्वासित स्त्रियांसाठी दुभाषी आणि गोपनीयता

आमची संस्था नव्याने आलेल्या निर्वासित कुटुंबांना दवाखाना, शाळा आणि सरकारी कागदपत्रांच्या कामी मदत करते. रोहिंग्या कुटुंबांबाबत अडचण अशी, की त्यांची भाषा बोलणारे दुभाषी मोजकेच असून बहुतेक त्याच वस्तीतले आहेत. त्यामुळे ते समोर बसले की स्त्रिया आजाराविषयी किंवा घरातील छळाविषयी बोलतच नाहीत. मुलांकडून दुभाष्याचे काम करवून घेणे आम्ही थांबवले आहे, कारण आईच्या गर्भपाताविषयी शाळकरी मुलाने डॉक्टरांना सांगावे, हे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही. छापील पत्रकेही काढली. परंतु या भाषेसाठी १९८० च्या दशकात घडवलेली हनीफी लिपी वाचणारे थोडेच, म्हणून ध्वनिमुद्रित संदेश अधिक उपयोगी पडले. अर्थात, अशा संदेशांना उलट प्रश्न विचारता येत नाही. रोहिंग्यांच्या भाषेला जवळची असलेली बांगलादेशातील चितगावी भाषा बोलणाऱ्यांची मदत वैद्यकीय तपशिलांपाशी अपुरी पडते.

आता दूरच्या शहरातील स्त्री दुभाषीला, रुग्णाचे नाव न सांगता, फोनवर जोडण्याचा विचार आहे. निधी मात्र तुटपुंजा आहे. अशी व्यवस्था कोणी चालवली असल्यास, दुभाषीकडून घ्यायच्या लेखी हमीपत्रात नेमक्या कोणत्या अटी असाव्यात, आणि वाचता न येणाऱ्या स्त्रीला त्यांचा भरवसा वाटेल अशा रीतीने त्या कशा समजावून सांगाव्यात?