विषय: भाडेवाढीची नोटीस आली असेल, किंवा द्यायची असेल तर

नमस्कार मंडळी,

भाडेवाढीचे प्रश्न इथे सारखे येतात आणि उत्तरं अजूनही जुन्या कायद्याची दिली जातात. इंग्लंडमधले नियम १ मे २०२६ पासून बदलले, म्हणून नव्याने लिहितो. स्कॉटलंड आणि वेल्सच्या सभासदांनी यातलं काही गृहीत धरू नये, तिथले करार आणि मुदती वेगळ्या आहेत.

"पुढच्या महिन्यापासून अडीचशे पौंड जास्त" असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज म्हणजे नोटीस नव्हे. वाढ करायची तर हाउसिंग अ‍ॅक्ट १९८८ च्या सेक्शन १३ ची नोटीस लागते, ठरलेल्या फॉर्म ४ए वर, निदान दोन महिने आधी, आणि वर्षातून एकदाच. करारात "दरवर्षी पाच टक्के" असं कलम असलं तरी त्याच्या जोरावर आता भाडं वाढत नाही.

सर्वांत जास्त घोळ तारखेचा होतो. नवं भाडं भाड्याच्या महिन्याच्या पहिल्या दिवशीच सुरू व्हावं लागतं. तुमचा महिना ५ तारखेला सुरू होत असेल आणि नोटीस २० जूनला हातात पडली, तर दोन महिने २० ऑगस्टला भरतात, म्हणजे नवं भाडं लवकरात लवकर ५ सप्टेंबरपासून. फॉर्मवर १ सप्टेंबर लिहिलेलं असेल तर लगेच लेखी हरकत घ्या. गप्प बसून नवी रक्कम भरू नका.

रक्कम मान्य नसेल तर फॉर्मवरच्या तारखेच्या आधी फर्स्ट-टियर ट्रायब्युनलच्या प्रॉपर्टी चेंबरकडे (घरभाड्याचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करावा लागतो. पूर्वी ट्रायब्युनल मालकाने मागितल्यापेक्षाही जास्त भाडं ठरवू शकत असे आणि त्या भीतीने लोक जात नसत. आता मागणीपेक्षा वर जाता येत नाही. नवं भाडं निकालाच्या दिवसापासून लागू होतं, मागची बाकी काढली जात नाही, आणि फारच ओढाताण होणार असेल तर ते आणखी दोन महिन्यांपर्यंत पुढे ढकललं जाऊ शकतं. तोवर जुनं भाडं मात्र ठरल्या दिवशी भराच. तीन महिन्यांचं भाडं थकलं की घर खाली करून मागण्याचं पक्कं कारण मालकाच्या हाती येतं.

— रीडिंगहून


दादा, नमस्कार.

नियम अगदी बरोबर. पण आपल्या मंडळात एक-दोन फ्लॅट भाड्याने दिलेलेही बरेच आहेत, आणि भाडं का वाढतंय हे त्यांच्या हिशेबाशिवाय कळणार नाही.

समजा घरावर दोन लाख पौंडांचं फक्त-व्याज कर्ज आहे, म्हणजे दरमहा नुसतं व्याज भरायचं, मुद्दल शेवटी. १.८ टक्क्याने वर्षाचं व्याज ३,६०० पौंड होतं. ठरलेल्या व्याजदराची मुदत संपून तेच कर्ज ५.२ टक्क्याने घ्यावं लागलं की १०,४०० होतं, म्हणजे महिन्याला ३०० ऐवजी ८६७. भाडं १,४०० धरलं तर वर्षाचे १६,८००. त्यातून एजंट, विमा, दुरुस्ती मिळून २,४०० गेले. उरलेल्या १४,४०० वर चाळीस टक्के कर ५,७६०. व्याजाची पूर्ण वजावट २०२० पासून मिळत नाही, फक्त व्याजाच्या वीस टक्क्यांइतकी करात सूट मिळते, ती २,०८०. म्हणजे कर ३,६८०. सगळं वजा जाता वर्षाअखेर हातात ३२० पौंड. एक बॉयलर बिघडला की तेही गेले.

तरीही मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की हा हिशेब भाडेकरूसमोर मांडू नका. ट्रायब्युनल तुमचा हप्ता बघत नाही, तसा भाडेकरूचा पगारही बघत नाही. तसंच घर आज बाजारात किती भाड्याला जाईल, एवढंच बघतं.

आणि घर रिकामं पडण्याची किंमत आधी काढा. महिना शंभराने वाढवलं तर वर्षाचे १,२००, कर जाऊन ७२०. चांगला भाडेकरू निघून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर १,४०० बुडाले. त्यावरचा कर वाचला असं धरलं तरी ८४० चं नुकसान, शिवाय त्या महिन्याचा काउन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा कर) आणि एजंटची नवी फी. वर्षभराची वाढ एका महिन्यात गेली. चाळीस-पन्नास पौंडांची वाढ दरवर्षी नियमाने मागितलेली बरी. चार वर्षं गप्प राहून एकदम अडीचशेचा दणका दिला, की भांडण ठरलेलंच.

— लेस्टरहून


ताई, बाजारभाव सिद्ध कसा करायचा? संकेतस्थळावर दिसतं ते मागितलेलं भाडं असतं, घर तेवढ्याला गेलंच असं नाही.

— मिल्टन कीन्सहून


मुद्दा रास्त आहे. तरी आता जाहिरातीत ठरावीक भाडं लिहावंच लागतं आणि त्याहून जास्तीची बोली मालकाला घेता येत नाही. म्हणून जाहिरातीतला आकडा ही निदान वरची मर्यादा धरता येते.

आपल्याच पोस्टकोडमधली, तेवढ्याच बेडरूमची पाच-सहा घरं निवडा. फर्निचर, पार्किंग, ईपीसी (घराच्या ऊर्जाबचतीचं प्रमाणपत्र) दर्जा जुळतो का ते बघा. पडद्यावरचं पान तारखेसकट जतन करा, घर गेलं की जाहिरात काढून टाकतात. चार आठवड्यांनी परत बघा. तीच जाहिरात कमी भाड्याने लागलेली दिसली, तर तो तुमचा सर्वांत चांगला पुरावा.

मग फरक लिहा. खिडकीखाली ओल असेल तर फोटो, आणि मालकाला कळवल्याची जुनी ईमेल. स्वतःच्या पैशांनी कार्पेट, पडदे किंवा फ्रिज आणला असेल तर पावत्या. भाडेकरूने केलेल्या सुधारणांमुळे वाढलेली किंमत ट्रायब्युनल भाड्यात धरत नाही. पण त्या तुम्ही केल्या, हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

हे सगळं आधी मालकाला पाठवा. १,६५० ची नोटीस दिलेला मालक १,४८० वर राजी होऊ शकतो. नोटिशीतल्यापेक्षा कमी रक्कम आपसात ठरवायला कायद्याची आडकाठी नाही. ठरलं की लेखी घ्या. बोलणी लांबत असतील तर मात्र अर्जाची तारीख हुकवू नका.

— लेस्टरहून


एक भर घालतो. भाडं परवडेना म्हणून तिसऱ्या मित्राला घरात घेण्याचं प्रमाण वाढलंय. एकमेकांच्या कुटुंबातले नसलेले तिघे एकच स्वयंपाकघर वापरू लागले की घर एचएमओ (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन, म्हणजे अनेक कुटुंबांतल्या लोकांचं सामाईक घर) ठरतं. पाच जण राहत असतील तर अशा घराला काउन्सिलचा परवाना सगळीकडे लागतो. तिघा-चौघांनाही काही काउन्सिल सक्ती करतात, तेव्हा आधी काउन्सिलच्या संकेतस्थळावर बघा आणि मालकाची लेखी परवानगी घ्या.

करार सगळ्यांच्या नावे एकत्र असेल तर आणखी जपा. एकाने भाडं बुडवलं तर मालक ते उरलेल्या कोणाकडूनही पूर्ण मागू शकतो. आणि एकाने घर सोडण्याची रीतसर नोटीस दिली, तर भाडेपट्टी सगळ्यांचीच संपते. कोणी निघणार असं कानावर आलं, की उरलेल्यांनी त्याच दिवशी मालकाशी नव्या कराराचं बोलून घ्यावं.

— रीडिंगहून