यंत्रं नुसते फोटो काढतात म्हणे!

आडवातिडवा: काल एकाने इथेच ठणकावलं, ‘यानं नुसते फोटो काढतात, माणूस उतरल्याशिवाय ग्रह कळत नाही.’ उत्तर लांबलं म्हणून वेगळा धागा. युरेनस आणि नेपच्यूनपाशी आजवर एकच यान गेलंय, व्हॉयेजर २; १९८६ आणि १९८९ मध्ये. माणसाची वाट बघत बसलो असतो तर ते अजून दोन निळसर ठिपकेच असते. शुक्रावर ४६० अंशांच्या आसपास तापमान, दाब आपल्या नव्वदपट. १९८२ मध्ये सोव्हिएत यान व्हेनेरा १३ तिथे १२७ मिनिटं टिकलं. पाठवा की माणूस!

खडकफोड्या: व्हेनेराचा विषय काढलात ते झकास. व्हेनेरा १४ने जमिनीचा कडकपणा मोजायला दांडा टेकवला, तो नेमका स्वतःच्याच कॅमेऱ्याच्या गळून पडलेल्या झाकणावर. शुक्रावर जाऊन मोजलं काय, तर झाकण! माणसाने पायाने बाजूला सारलं असतं. आणि इनसाइट यानाचा ‘मोल’, तो स्वतःला ठोकत जमिनीत घुसणारा खिळा? मंगळावर पाच मीटर आत जायचं होतं, स्वतःच्या लांबीएवढा कसाबसा घुसला. दोन वर्षं ठोकाठोकी करून जानेवारी २०२१ मध्ये नाद सोडला. मी पंचवीस वर्षं दगड फोडतोय. पहार आपटली की खाली काय आहे ते हाताला कळतं. अपोलो १७च्या वेळी चंद्रावर भूवैज्ञानिक श्मिटना नारिंगी माती दिसली, तिथल्या तिथे खणून घेतली.

आडवातिडवा: चंद्रावर बाराजण उतरले, त्यात भूवैज्ञानिक एक. तोही शेवटच्या खेपेला. आणि मंगळावरच्या स्पिरिट गाडीचं पुढचं उजवं चाक २००६ मध्ये बंद पडलं, ते फरफटत नेताना पुढच्या वर्षी खालची पांढरी माती उघडी पडली. जवळजवळ सगळी सिलिका. म्हणजे तिथे कधीकाळी गरम पाणी नाहीतर वाफ होती. मोडक्या चाकाने लावलेला शोध आहे हा!

खडकफोड्या: म्हणजे अपघाताने. चाक धड असतं तर वरून निघून गेलं असतं.

कापूसकोंड्या: तुमचं चालू द्या. मला मंगळावरच्या ऑपॉर्च्युनिटी गाडीचा शेवटचा निरोप आठवला तरी आवंढा येतो. ‘माझी बॅटरी संपत आलीय आणि अंधार पडतोय.’ नव्वद दिवसांसाठी गेलेलं लेकरू, चौदा वर्षं राबलं.

टाचणी: असा निरोप आलाच नव्हता. जून २०१८च्या वादळात आले ते आकडे: वीज २२ वॅट-तास, हवेतल्या धुळीचा दाटपणा १०.८. एका पत्रकाराने त्याचं साध्या भाषेत वाक्य केलं आणि जगाने त्यावर रुमाल भिजवले. लेकरू कसलं? यंत्र आहे ते.

कापूसकोंड्या: माझे वडील शेवटचे चार दिवस बोलत नव्हते. आम्ही खाटेशेजारच्या पडद्यावरचे आकडेच वाचत होतो. ऐंशी, अठ्ठ्याहत्तर, एकाहत्तर. तो निरोप नव्हता, असं मला तोंडावर सांगाल?

टाचणी: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण त्यांना मध्ये आणून माझं तोंड बंद करणं हा वाद नव्हे.

कापूसकोंड्या: वाद घालतंय कोण? तुम्हीच टोचायला आलात. नाव साजेसं घेतलंय.

नटबोल्ट: भांडून झालं असेल तर ऐका. १९९९ मध्ये मंगळाकडे धाडलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान हातचं गेलं ते कशाने? एका गटाचे आकडे पौंडात, दुसऱ्याचे न्यूटनमध्ये. आमच्याकडे परवाच एका शहाण्याने इंची बोल्ट मिलिमीटरच्या नटात कोंबून आटे घालवले. वर मलाच म्हणतो, ‘नट खराब आहे.’ दोन मापपद्धती ठेवणाऱ्यांना आधी मंगळावर पाठवा.

खडकफोड्या: युरेनसला यंत्रच पाठवा बुवा, तिथे पहार मारायला जमीनच नाही. पण मंगळावर ऑपॉर्च्युनिटीला मॅरेथॉनएवढं अंतर कापायला अकरा वर्षं लागली. अपोलो १७ची गाडी तीन दिवसांत पस्तीस किलोमीटर फिरली.

आडवातिडवा: आणि चौथ्या दिवशी माणसं परत निघाली. पण मोलचं मान्य. तिथे तुमची पहार हवी होती.

खडकफोड्या: उपकार झाले.

टाचणी: कापूसकोंड्या, बरं, निरोप म्हणा. पण ती अवतरणचिन्हं तेवढी काढा.