जुळ्या कोकरांपैकी एक पहिल्याच आठवड्यात दगावते, उपाय सुचवावा

माणदेशी (दहिवडी, जि. सातारा):
नमस्कार. आमचा कळप मूळचा दख्खनी मेंढ्यांचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ जातीतला जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून जो ‘नारी सुवर्णा’ वाण तयार केला, त्याचा मेंढा आम्ही ठेवला आणि त्याच्यापासून झालेल्या मेंढ्या आता जुळी देऊ लागल्या आहेत. परंतु थंडीतल्या वितात जुळ्यांपैकी लहान कोकरू तीन-चार दिवसांत दगावते. लसीकरण आणि जंतनाशक वेळेवर होते. एकच कोकरू देणारी मेंढी बरी, असे घरचे म्हणतात. मला ते पटत नाही.

पशुवैद्य (विटा):
वाण बदलला, पण गाभण मेंढीचा खुराक पूर्वीचाच राहिला असावा. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो आणि गर्भाची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. पोटात दोन कोकरे असली की कोठीपोटाला (चारा साठवणाऱ्या पहिल्या पोटाला) जागा कमी पडते, मेंढीला चारा कमी खाववतो आणि नुसत्या चराईवर तिचे भागत नाही. त्या काळात रोज पाव किलो मका भरडा व पेंड द्यावी. अन्यथा कोकरे दुबळी जन्मतात आणि कासेत चीकही (व्यायल्यानंतरचे पहिले घट्ट दूध) कमी उतरतो.

चीक पहिल्या तासाभरात पोटात गेलाच पाहिजे, कारण त्यातील रोगप्रतिकारक द्रव्ये शोषून घेण्याची आतड्याची क्षमता झपाट्याने घटते व २४ तासांत संपते. दोन किलोच्या कोकराला पहिल्या दिवसात एकूण सुमारे ४०० मिलिलिटर चीक लागतो. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी.

जतकर:
डॉक्टरांशी सहमत आहे, पण आमच्या भागात जुळी जातात ती बहुतेक व्यायल्यानंतरच्या गोंधळात. मेंढी पहिले कोकरू चाटत पुढे सरकते, दुसरे जागेवरच ओले राहते आणि मग ती त्याला जवळ घेत नाही. म्हणून व्यायलेली मेंढी दोन दिवस कोकरांसह वाघरीच्या (जाळीच्या कुंपणाच्या) वेगळ्या कप्प्यात ठेवावी. प्रत्येक सड एकदा पिळून त्याच्या तोंडाशी साचलेला चिकट खडा काढावा. दुबळ्या कोकराला तो ओढून काढता येत नाही. कोकराच्या तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले, तर ते पिण्याच्या स्थितीत नाही, हे निश्चित समजावे.

माणदेशी:
अशा गार पडलेल्या कोकराला लगेच गाईचे दूध पाजावे का?

पशुवैद्य (विटा):
नाही. शरीराचे तापमान ३७ अंशांखाली असताना दूध पाजल्यास ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. आधी पोत्याने खसाखसा पुसून कोरडे करावे आणि ऊब द्यावी. जन्मून पाच तासांहून अधिक वेळ झाला असेल, तर अंगातील ऊर्जेचा साठा संपलेला असतो. अशा वेळी ऊब देण्यापूर्वीच ग्लुकोजचे इंजेक्शन द्यावे लागते आणि ते पशुवैद्यकाकडूनच घ्यावे. चोखू लागल्यावर प्रथम चीक, तोही शक्यतो मेंढीचाच. ज्या मेंढीला एकच कोकरू आहे, तिचा जादा चीक काढून गोठवून ठेवावा व लागेल तेव्हा कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवावा. थेट विस्तवावर तापवू नये.

जतकर:
आणि एखाद्या मेंढीचे कोकरू दगावले असेल, तर तिच्या जारेचे पाणी जुळ्यातल्या एकाच्या अंगाला चोळून ते तिला लावून द्यावे. हे त्याच दिवशी केले, तर बहुतेक वेळा ती पाजू देते.