मदत हवी आहे: आई-बाबांसोबत लासेन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क, कधी जावं आणि काय झेपेल?

शहापूरकर
नमस्कार. ताई-दाजी कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असतात. आई-बाबांना घेऊन बेळगावहून तिकडं जातोय. जूनचा दुसरा आठवडा ते ऑगस्टअखेर मुक्काम आहे. तिथलं योसेमिटी पार्क सगळेच करतात, पण बाबांना ज्वालामुखीचा मुलूख बघायचाय, म्हणून कॅलिफोर्नियातलंच लासेन पार्क ठरवलं. बाबा ६८ वर्षांचे, गुडघा दुखतो. आईला बीपीची गोळी चालू आहे. सपाटीवर दोघंही दोन किलोमीटर आरामात चालतात. पोचल्या पोचल्या जूनमध्येच उरकावं म्हणतोय. एका दिवसात जाऊन येणं जमेल का? कुठं चालावं, कुठं नको, तेवढं नीट सांगा की.

निपाणीकर
जूनमध्ये नको. पार्कातून उत्तर-दक्षिण जाणारा ८९ नंबरचा रस्ता साधारण ४८ किलोमीटरचा, आणि त्याचा माथा २,५९४ मीटरवर. हिवाळ्यात तिथं इतका बर्फ साचतो की काही वर्षी रस्ता मेअखेर खुला होतो, तर काही वर्षी जुलै उजाडतो. मधला भाग बंद असला तर दक्षिण दारातून आत शिरून उत्तरेला जाता येत नाही, बाहेरून मोठा वळसा पडतो आणि दिवस गाडीतच जातो. रस्ता खुला झाला तरी वरच्या पायवाटांवर बर्फ राहतो. गुडघ्याच्या माणसाला टणक झालेल्या बर्फाच्या उतारावर उतरवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. जुलैचा शेवटचा आठवडा धरा. ऑगस्ट सरत आला की आसपासच्या वणव्यांचा धूर येऊ शकतो. २०२१ च्या डिक्सी वणव्यात पार्काचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग आगीच्या हद्दीत आला होता. उभी जळकी झाडं अजून दिसतात. वारा सुटला की त्यांच्याखाली बसू नका.

सॅक्रामेंटोहून रेड ब्लफमार्गे दक्षिण दार तीन तासांवर आहे. त्यामुळं एका दिवसात होईल, पण सहा तास गाडीत आणि वर उंची, हे दोघांना जड जाईल. रेड ब्लफ किंवा रेडिंगला एक रात्र काढा. पेट्रोल तिथंच भरा. पार्कात बहुतेक ठिकाणी रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या.

खानापूर_रान
चालण्याबद्दल सांगतो. दक्षिण दारातून शिरलात की दीड-दोन किलोमीटरवर सल्फर वर्क्स लागतं. रस्त्याला लागूनच उकळता चिखल आणि जमिनीतून फसफसणारी वाफ. गाडीतून उतरून चार पावलं चाललं की झालं. बाबांना जे बघायचंय त्यातलं निम्मं इथंच दिसतं. कुणाला दमा असेल तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभं करा, गंधकाचा वायू छातीला बाधतो.

बंपस हेल ही पार्कातली सर्वांत मोठी उकळती जागा. जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर. जाताना शेवटचा टप्पा खाली उतरतो, म्हणजे दमलेल्या पायांनी परतताना तोच चढ. तोही २,५०० मीटरच्या आसपास, विरळ हवेत. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, एवढं लक्षात ठेवा. बाबांनी हा टाळावा असं माझं स्पष्ट मत. तुम्ही आणि दाजींनी जरूर करावा, पण लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पाय खाली टाकायचा नाही. वरचा पांढरट-पिवळा पापुद्रा घट्ट वाटतो, पण खाली आम्लानं माती कुजवलेली असते आणि पाणी उकळत असतं. ज्याच्या नावानं ही जागा ओळखली जाते त्या बंपसचा पाय १८६० च्या दशकात असाच आत गेला, भाजला आणि शेवटी कापावा लागला. इथल्या एका तोंडातल्या वाफेचं तापमान १६१ अंशांपर्यंत मोजलेलं आहे.

आई-बाबांसाठी मँझनिटा तळ्याची वाट चांगली. पूर्ण फेरी अडीच-तीन किलोमीटर, जवळपास सपाट, समोर लासेन शिखर. अर्ध्यावरून परतलं तरी चालतं. शेजारीच लूमिस म्युझियम, तिथं १९१५ च्या उद्रेकाचे फोटो बघून मग डेव्हस्टेटेड एरियाची छोटी सपाट फेरी करा. त्या मे महिन्यात तापलेली राख आणि वितळलेल्या बर्फाचा चिखल तिथून खाली आला आणि जंगल आडवं झालं. फोटो आधी पाहिले की तिथले दगड कळतात.

शिखराची वाट ८ किलोमीटर, चढ सहाशे मीटर, माथा ३,१८७ मीटर. दुपारी विजा होतात, म्हणून जायचं तर पहाटे निघून दुपारच्या आत खाली.

चिक्कोडीकर
सिंडर कोनचा, म्हणजे जळक्या खडीच्या शंकूसारख्या ज्वालामुखीचा मोह होईल, फोटोत फार सुंदर दिसतो. तो मुख्य रस्त्यावर नाही. ४४ नंबरच्या रस्त्यानं वळून शेवटचे सुमारे १० किलोमीटर कच्च्या वाटेनं ब्यूट तळ्यापर्यंत जावं लागतं. पुढचा चढ सुट्या, पोकळ, जळक्या खडीचा. पाऊल टाकलं की निम्मं मागं घसरतं, सावली अजिबात नाही. वयस्कर माणसांना नको.

माणशी दोन लिटर पाणी. ताईला कडक भाकरी आणि शेंगाचटणी करायला सांगा, उन्हात खराब होत नाही. काळी अस्वलं आहेत, डबा बाकावर उघडा टाकून फिरायला जाऊ नका. आईच्या गोळीबद्दल आणि उंचीबद्दल डॉक्टरांना निघण्याआधी इथंच विचारून घ्या. वर डोकं दुखलं, मळमळलं तर थांबून बघत बसू नका, लगेच खाली उतरा.

शहापूरकर
फार उपयोग झाला. जुलैअखेर पक्कं, रेडिंगला मुक्काम. बाबा विचारतायत, आपल्या भागातला काळा पाषाण पण लाव्हाच ना? मग आपल्याकडं असा शंकूसारखा डोंगर का नाही?

खानापूर_रान
काकांना सांगा, प्रश्न अगदी बरोबर आहे. आपला पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो पातळ होता, जमिनीच्या लांब भेगांतून आला आणि थरावर थर पसरला, म्हणून आपल्याकडं सपाट माथे. बेळगाव त्या थरांच्या दक्षिण काठावर आहे. गोकाकचा धबधबा पडतो तो खडक तर लाव्हा नव्हेच, त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म आहे. लासेनचा लाव्हा सिलिका (वाळूत असतं ते द्रव्य) जास्त असलेला, म्हणून घट्ट. तो वाहून लांब जाऊ शकला नाही, तोंडाशीच साचून घुमट झाला. दक्षिण दारातून आत शिरल्यावर ब्रोकऑफ डोंगर दाखवा, तो झिजून गेलेल्या जुन्या मोठ्या ज्वालामुखीचा उरलेला कडा. प्रॉस्पेक्ट पीक पातळ लाव्हाचा, ढालीसारखा पसरट. सिंडर कोन धरला तर ज्वालामुखीचे चारही प्रकार या एका पार्कात आहेत.

निपाणीकर
प्रवेश गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो. पैसे कार्डनं देण्याची तयारी ठेवा. निघायच्या आदल्या संध्याकाळी पार्काच्या साइटवर रस्त्याची स्थिती आणि वणव्याची सूचना, दोन्ही बघा.