दहावी आली म्हणून लहान झाली का?

माणदेशी:
काल इथं एकानं लिहिलं, "ऑलिम्पिक पदक नाही त्याला महान म्हणू नका." रात्रभर डोक्यातनं गेलं नाही. आमच्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळाली, दहाव्या नंबरावर आली. ट्रॅकवर वैयक्तिक फायनल गाठणारी १९८४ च्या पी. टी. उषानंतरची पहिली भारतीय महिला. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. माणच्या फुफाट्यात पळून पोर तिथवर गेली. अजून काय पाहिजे?

कराडचा पैलवान:
लिहिणारा मीच. दहावी ती दहावीच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला कुस्तीत कांस्य आणलं म्हणून आज नाव घेतो. १९४८ ला लंडनला सहावे आले होते, ते कुणाच्या ध्यानात आहे?

माणदेशी:
माझ्या आहे. मातीतला माणूस मॅटवर, म्हणजे गादीवर, उतरून जगात सहावा आला. त्या सहाव्या नंबरातनंच हेलसिंकी उभं राहिलं.

मिरजवाले:
मॅटचं निघालंच आहे तर बोलतो. माझा पोरगा तीन वर्षं मातीत घुमला. निवड चाचणी मॅटवर. पहिल्याच कुस्तीत बाहेर. मॅटसाठी गावात वर्गणी मागितली तर कुणी दारात उभं केलं नाही, यात्रेच्या इनामाला मात्र पैसा निघतो.

कराडचा पैलवान:
मातीला नावं ठेवू नका. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ ला जकार्ता एशियाडला सुवर्ण आणि रौप्य आणलं, अंग मातीतच कमावलं होतं. तुमचं पोर कमी पडलं असंल.

मिरजवाले:
पोराला मधे आणायचं काम नाही! मातीत चितपट होईस्तोवर दम धरता येतो. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुण काढायचे असतात. बासष्टचं उदाहरण आजच्या पोरांना देऊन काय उपयोग?

वारणाकाठ:
भांडा निवांत. आमच्या पेठचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाले, १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्ण आणलं. पद्मश्री २०१८ ला. पदकानंच महान होतो म्हणता, मग मधली ४६ वर्षं काय झालं? इथंही मी नाव काढेपर्यंत तुमच्यापैकी एकाला आठवलं नाही.

कराडचा पैलवान:
पेटकरांचं चुकलंच आमचं. पण त्यानं ललिता महान होत नाही. "दहावी ती दहावीच" एवढं मागं घेतो. मिरजवाले, पोराचं बोललो ते नको होतं.

मिरजवाले:
ठीक. पण मातीबद्दल मी माघार घेणार नाही. पोरगा आता रोज पहाटे एसटीनं दुसऱ्या गावच्या मॅटवर जातो.

माणदेशी:
जाऊ द्या त्याला. ललिताचं मी सोडलेलं नाही, पैलवान. परत लिहिलंत तर परत उत्तर देणार.