तुमच्या कुत्र्याच्या वाडग्यात काय असतं? अनुभव सांगा

धागा काढायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यातली एक रात्र. चार वर्षांची राणी आमच्याकडे येऊन जेमतेम दोन दिवस झाले होते. आधीच्या घरून तिच्यासोबत अर्धी पिशवी खाणं आलं होतं, अगदी साधं दिसणारं. मी हौसेनं त्याहून भारीतलं आणून ठेवलं होतं. म्हटलं, नवं घर, नवं खाणं. संध्याकाळी वाडगं भरून दिलं, तिनं चाटूनपुसून संपवलं, मी खूश. रात्री दोन ते पहाटे पाचमध्ये चार वेळा तिला बाहेर न्यावं लागलं. पाचव्या वेळी दारापर्यंत पोचलोच नाही.

डॉक्टर म्हणाल्या, खोट खाण्यात नाही, तुमच्या घाईत आहे. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खाण्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो, सात ते दहा दिवस तरी द्या. आधी पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. पोट ताळ्यावर आल्यावर जुनी पिशवी पुन्हा उघडली आहे.

तर ज्यांच्याकडे कुत्रं आहे किंवा होतं, त्यांनी लिहा. काय घालता, कसं ठरवलंत, कुठे फसलात. फसलेलं आधी लिहिलंत तर उत्तम. 'हे सर्वांत चांगलं' एवढंच नको, चांगलं कशावरून कळलं ते हवं.

*

फसलेलं आधी? मग पहिला नंबर माझाच.

ग्रेट डेनचं पिल्लू आणलं, तीन महिन्यांचं. एवढं धूड होणार म्हणजे हाडं भक्कम हवीत, म्हणून पिल्लांच्या खाण्यावर रोज दोन चमचे कॅल्शियमचं औषध. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. स्वतःचंच डोकं. पाचव्या महिन्यात लंगडायला लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि पहिला प्रश्न विचारला, "वरून काय देताय?"

लहान पिल्लाच्या शरीराला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच शोषलं जातं, आणि झपाट्यानं वाढणाऱ्या मोठ्या जातींत त्यानं हाडांची वाढच बिघडते. मोठ्या जातींच्या पिल्लांचं खाणं वेगळं मिळतं, त्यात कॅल्शियम जास्त नसतं, मोजून असतं. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या निकषांत 'मोठं' म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावर ३१.८ किलो किंवा त्याहून जास्त. औषध त्याच दिवशी बंद केलं. आता नीट चालतो, पण ती भीती माझ्या मनातून जात नाही.

*

आमचा काहीही खातो. आजवरचं सर्वांत आवडतं पक्वान्न: पाहुण्यांचा मोजा. दोन दिवसांनी अखंड परत मिळाला. पाहुणे म्हणाले, राहू द्या.

*

आम्ही घरचंच घालायचो. उकडलेलं चिकन, भात, गाजर. पाकिटातलं म्हणजे कचरा, हे मत इतकं ठाम की आणखी दोघांना पटवलंही. दीड वर्षानं तिच्या अंगावरची चमक गेली, हात फिरवला की केस हातात यायचे. डॉक्टरांनी विचारलं, "यात कॅल्शियम कुठून येतं?" मी गप्प. चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर, पण हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. जस्त, ई जीवनसत्त्व, तेही कमीच पडत होतं.

नंतर वाचलं, २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या होत्या. ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणजे मी एकटी नव्हते, एवढंच समाधान.

आताही घरचंच आहे, पण प्राण्यांच्या आहारतज्ज्ञांनी तिच्या वजनावरून लिहून दिलेलं. पूर्वी सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चालायचं. आता काटा, आणि शेवटी कमी पडणारे घटक भरून काढणाऱ्या पांढऱ्या भुकटीचा चमचा. तो विसरला की बाकीचं मोजलेलं वाया.

*

काट्यावरून आठवलं. आमचा ढब्बू, लॅब्रेडॉर, नसबंदी झालेला. तब्येत नावावरून ओळखा.

घरात तिघं खायला घालतो, कप एकच. एकदा तिघांचे कप काट्यावर ठेवले. माझा ९० ग्रॅम, बायकोचा १०२, बाबांचा १२८. बाबा म्हणाले, "मापाला शीग नको का?" तेव्हापासून वाडगं काट्यावर, काटा शून्यावर आणि मग दाणे. नसबंदीनंतर भूक कमी होत नाही, गरज मात्र कमी होते, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, ऐकलं नसेल.

सुरुवातीचा आकडा काढायला डॉक्टरांनी सूत्र दिलं. किलोतल्या वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, ही विश्रांतीतली गरज. १० किलोच्या कुत्र्याला साधारण ३९४ किलोकॅलरी, आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे ६३०. येताजाता दिलेला खाऊ यातच धरायचा, तोही दहा टक्क्यांच्या आत. हा आकडा फक्त सुरुवातीचा, पुढचं हातानं कळतं. मूठ आवळून वरच्या हाडांवर बोट फिरवा. बरगड्या तशा लागल्या तर कुत्रं हडकलेलं. हात उघडून तळव्याकडून तीच जागा चाचपा. तशा लागल्या तर लठ्ठ. हात सपाट ठेवून हाताच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं, तसं हवं. ढब्बूच्या बरगड्या मला पहिल्यांदा सापडल्या तेव्हा चार महिने झाले होते.

लॅब्रेडॉरवाल्यांसाठी: २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४८ लॅब्रेडॉरांच्या जोड्या लावून एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं, तेही जन्मभर. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी त्याहून जास्त जगली) १३ वर्षं, त्यांच्या जोडीदारांचं ११.२. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "जगली जास्त, पण उपाशीच ना?"

आणि २०१६ साली असंही समोर आलं की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्रेडॉरांत भुकेशी संबंधित पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्त असतात. हे मात्र बाबांना सांगितलेलं नाही.

*

एक बावळट प्रश्न. डब्यातल्या ओल्या खाण्यावर प्रथिनं ८ टक्के लिहिलंय, कोरड्यावर २४. म्हणजे ओलं अगदीच निकस?

*

बावळट नाही, मीही दोन वर्षं तेच समजत होतो. आधी पाणी वजा करा. ओल्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरले २२, त्यात ८ प्रथिनं, म्हणजे ३६ टक्के. कोरड्यात १० टक्के पाणी, उरलेल्या ९० मध्ये २४, म्हणजे साधारण २७. उलटंच निघालं की नाही?

घटकांच्या यादीतही हीच गंमत. क्रम वजनानं लावतात आणि ताज्या चिकनचं वजन पाण्यासकट धरतात, त्यामुळे ते पहिलं दिसतं. पाकिटावरच्या चित्राकडे तर मी बघतच नाही. 'संपूर्ण आणि संतुलित' लिहिलंय का, आणि कुठल्या वयासाठी, तेवढं बघतो. 'पूरक' लिहिलेलं असेल तर ते रोजचं जेवण नव्हे.

*

आमचा बंड्या सतत पंजे चाटायचा, कान लालभडक. वर्षभरात पाच पाकिटं बदलली. चित्रं पाच, आत सगळ्यांत चिकन! शेवटी खाण्याची ॲलर्जी आहे का बघायला डॉक्टरांनी आठ आठवडे एकच खाणं दिलं, ज्यातली प्रथिनं आधीच बारीक तोडलेली असतात. बाकी काही म्हणजे काही नाही. पाचव्या आठवड्यात खाज थांबली, सहाव्यात पुन्हा सुरू. घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला, लेकीला रडवलं. निघाली काय, तर जंतांची चघळायची गोळी, मांसाच्या चवीची. मीच दिलेली. लेकीची माफी मागून पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी.

आणि शेवटी निदान पक्कं करायला जुनं खाणं मुद्दाम परत द्यावं लागतं. चौथ्या दिवशी कान लाल झाले. बरं चाललेल्या जिवाला स्वतःच्या हातानं खाजवायला लावणं फार जिवावर येतं.

*

वरच्यासारखीच खाज आमच्याकडेही होती, पण मी न तपासता धान्यावर ठपका ठेवून धान्यविरहित खाणं सुरू केलं. म्हटलं, लांडगा कुठे धान्य खातो. पण कुत्रा लांडगा राहिलेला नाही. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती त्याच्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली छापून आलंय. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं धान्याऐवजी वाटाणे, मसूर, बटाटे भरपूर असलेल्या खाण्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का याची चौकशी जाहीर केली. कारण पक्कं ठरलेलं नाही. मी मात्र गपचूप धान्याकडे परतले. खाज पिसवांची होती.

*

काय घालावं यावर वाद घाला, काय घालू नये यावर नको. द्राक्षं, बेदाणे, कांदा, लसूण, चॉकलेट, झायलिटॉलवाला (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) खाऊ, शिजवलेली हाडं. आमच्या कुत्रीनं मूठभर बेदाणे पळवले. किती खाल्ल्यावर मूत्रपिंडाला धोका, हे आधी सांगताच येत नाही. उलटी करवली, दोन दिवस सलाईन. वाचली. बेदाण्याचा डबा आता सर्वांत वरच्या फळीवर, मलाच स्टूल लागतं.

*

चौदा वर्षांच्या म्हाताऱ्याबद्दल लिहितो. मूत्रपिंडं थकली म्हणून फॉस्फरस कमी असलेलं खाणं दिलं. तो हुंगायचा, माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. तीन दिवस मी नियम पाळत बसलो, त्याचं वजन उतरलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, पोटात गेलं तर उपयोग." मग तेच खाणं कोमट करून थोडं थोडं तळहातावर. वास सुटला की यायचा. वाडग्यातून पुन्हा कधी खाल्लं नाही त्यानं, पुढचे सात महिने हातावरच.

*

धागाकर्ती. सगळं वाचतेय, बरगड्या चाचपून झाल्या, सपाट हातासारख्या लागतात.

आज सहावा दिवस, निम्मं-निम्मं. शी घट्ट. पण मघाशी वाडगं उचलायला गेले तर जुने दाणे संपलेले, आणि नवे एकेक करून बाहेर काढून पायपुसण्यावर ठेवलेले. एकूण अकरा. यावर कुणाचा अनुभव?