ऱ्होड्सला जहाज नऊ तास थांबतंय: जुनं शहर की लिंडोस?

उंबरठा_ओलांडून:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेर ग्रीक बेटांच्या क्रूझवर निघतोय. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण "मला धरू नका" हा बाणा कायम). ऱ्होड्सला जहाज सकाळी ८ ला लागतं, संध्याकाळी ५ ला सुटतं. जहाजवाले लिंडोसची सहल गळ्यात मारतायत. नवऱ्याला तिथलं डोंगरावरचं अथीनाचं देऊळ बघायचंय, मुलाला किल्ला आणि तलवारी, मला नुसतं हिंडायचंय. दोन्ही जमेल का?

दगडधोंडे:
ताई, दोन्ही होतं, पण मग एकही धड होत नाही. माझं सरळ मत: जुनं शहर. जहाज लागतं तेच तटबंदीच्या पायथ्याशी. धक्क्यावरून दहा मिनिटं चाललात की सागरी दरवाज्यातून आत. टॅक्सी नको, बस नको.

मी सिव्हिलवाला, आता निवृत्त. त्यामुळे आधी पायाखालचं सांगतो. तिथल्या बऱ्याच गल्ल्यांत फरसबंदी नाही, गोटेबंदी आहे. समुद्राचे गुळगुळीत गोटे आडवे न टाकता उभे, कडेवर रोवलेत. दिसायला देखणं, पण पातळ तळव्याच्या चपलेतून एकेक गोटा मोजता येतो. आमच्या सौ.नी फोटोसाठी नाजूक सँडल घातल्या आणि अकरा वाजता संग्रहालयाच्या अंगणात बसून "आता तू जा, मी सिंहाजवळ थांबते" म्हणाल्या. (तिथे दगडी सिंह आहे खरंच.) सासूबाईंना जाड तळव्याचे बूट घालाच.

संग्रहालय सकाळी आधी करा. मूळचं ते सरदारांचं रुग्णालय, १४४० मध्ये काम सुरू झालेलं. वर रुग्णांचं लांबच लांब दालन आहे. हे सरदार म्हणजे सेंट जॉनचे धर्मयोद्धे. १३०९ पासून बेट त्यांच्याकडे, १५२२ मध्ये सुलतान सुलेमानाने वेढा घातला, सहाएक महिने झुंजले आणि १५२३ च्या १ जानेवारीला जहाजांत बसून गेले. पुढे माल्टा.

संग्रहालयाच्या बाजूनेच सरदारांची गल्ली वर चढते. हे लोक भाषेप्रमाणे गटात राहायचे, गटाला शब्दच 'जीभ'. फ्रेंच जिभेचं घर, इटालियन जिभेचं घर अशा पाट्या वाचत जा. चढ सौम्य आहे. वरच्या टोकाला ग्रँड मास्टरचा, म्हणजे या सरदारांच्या प्रमुखाचा राजवाडा. मुलगा खूश होईल, पण एक गुपित: १८५६ मध्ये जवळच्या चर्चमधल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन राजवाड्याची पार दैना झाली होती. आज दिसतो तो बराचसा इटालियनांनी १९३७ ते १९४० मध्ये उभा केलेला. बेट तेव्हा त्यांच्या ताब्यात होतं. जमिनीवरची मोझेकं जुनी आहेत, पण तीही कॉस बेटावरून उचलून आणलेली. मला ते अति चकचकीत वाटलं. दगडाचे सांधे इतके सरळ की नजरेला खुपतात.

खरा माल खंदकात आहे. दांब्वाज दरवाज्यापाशी खाली उतरता येतं. तिकीट नाही, गर्दी नाही. दोन्ही बाजूंना उंच भिंती आणि गवतात पडलेले दगडी तोफगोळे, काही पोराच्या मिठीत मावणार नाहीत असे. वाट बरीचशी सपाट आहे, गुडघ्यांना गल्ल्यांपेक्षा बरी. तटाला वळसा घालून पुन्हा बंदराच्या अंगाला निघता. मी तिथे सव्वा तास काढला. सौ. तोवर सिंहाजवळच.

बसचुकवी:
काका सांगतात ते ठीक, पण लिंडोसला इतकं निकालात काढू नका. वाटेत खडकात कोरलेला जहाजाचा मागचा भाग दिसतो, ख्रिस्तपूर्व काळातला, तो मी विसरणार नाही. देवळातून खाली सेंट पॉलचा निळाशार उपसागर. मात्र शेवटी उभ्या पायऱ्या आहेत आणि गाढवं पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंतच सोडतात. सासूबाईंसाठी नकोच.

शिवाय माझी फजिती ऐका. साधी बस घेऊन गेले. अंतर पन्नासेक किलोमीटर, तासभर धरा. परतीची बस खच्चून भरून आली, थांबलीच नाही. मग टॅक्सी, मग धक्क्यावर पळापळ. शिडी उचलायला सात मिनिटं उरली होती. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या बसला नाही.

उंबरठा_ओलांडून:
ठरलं, नवऱ्याला वाचून दाखवलं. "खंदक चालेल" म्हणाला. जेवणाचं काय? सासूबाई शाकाहारी.

दगडधोंडे:
पिटारूदिया मागा. हरभऱ्याचे तळलेले वडे, टोमॅटो-कांदा-पुदिना घातलेले, ऱ्होड्सचीच खासियत. आणि मेलेकूनी: तीळ आणि मध, संत्र्याच्या सालीचा वास. तिळाच्या वडीची ग्रीक चुलत बहीण. सासूबाई दाताखाली घेऊन "जरा मऊ राहिलीय" म्हणतील.

हिप्पोक्रातिस चौकातल्या कारंज्याभोवती बसायचा मोह होईल. मी बसलो. एका ठिकाणी "लहान की मोठी" विचारलं, मोठी म्हणालो, तर फुलदाणीएवढ्या ग्लासात बिअर आली आणि तसंच बिल. भाव आधी विचारा. त्यापेक्षा पूर्वेला ज्यू मोहल्ल्यात चला. समुद्री घोड्यांचं कारंजं आहे, शेजारी काळ्या दगडाचं स्मारक. १९४४ च्या जुलैत इथल्या दीड हजारांहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला नेलं, त्यांची आठवण. १५७७ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) जवळच आहे. तिथे सगळेच हळू बोलतात, पोरगंही.

पासपोर्टवाला:
अवांतर, पण महत्त्वाचं. जहाज मधे तुर्कस्तानच्या कुशादासीला थांबत असेल तर शेंगेन व्हिसा (ग्रीससकट बऱ्याच युरोपीय देशांचा सामाईक) मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना बघा. तिकडे उतरलात की पुन्हा ग्रीसमध्ये शिरताना दुसरी एन्ट्री लागते. आणि ऱ्होड्सहून तुर्की किनारा समोर दिसतो, फोन तिकडचं नेटवर्क पकडतो. ऑटो बंद करून ग्रीक नेटवर्क हाताने निवडा, नाहीतर रोमिंगचं बिल फुलदाणीएवढं.

उंबरठा_ओलांडून:
बापरे, कुशादासी आहे! व्हिसा आत्ताच काढून बघते. काका, एकच राहिलं: ऱ्होड्सचा तो प्राचीन महाकाय पुतळा, कोलोसस, कुठे उभा होता? मुलगा रोज विचारतो, जहाज त्याच्या पायांमधून जाणार का?

दगडधोंडे:
नाही म्हणून सांगा. दोन पाय फाकवून उभा ही नंतरच्या चित्रकारांची करामत. एवढ्या कांस्याच्या पुतळ्याला तसं उभं करून बघा, मांडीतच दुमडेल. होता तीसेक मीटरचा, ख्रिस्तपूर्व २८० च्या सुमारास पुरा झाला आणि साठ वर्षांच्या आत भूकंपात गुडघ्यातून मोडला. मांड्राकी बंदराच्या तोंडाशी आता दोन खांबांवर हरणं उभी आहेत, तिथे फोटो काढा.

आणि हो, गुडघ्यातून मोडला हे सासूबाईंसमोर नका सांगू.